बटण दाबायला पुण्याला

तीन महिने घरून काम करून दाखव, एकदा जरी अडलं तर पुण्याला परत ये, असं साहेबांनी बजावलं होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मी उचगावात आले होते. माझा संगणक पुण्याच्या ऑफिसात, मी इथं. घरच्या संगणकावरून ऑफिसशी व्हीपीएन जोडायचं आणि रिमोट डेस्कटॉपवरून तिकडच्याकडून काम करून घ्यायचं. खेड्यातून कसलं काम होणार, असं साहेब चारचौघांत म्हणाले होते. ते मला झोंबलं. नोकरीही सोडायची नाही आणि गावही नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

आमच्याकडे लोडशेडिंगचा कारभार मोठा वक्तशीर. लाईट जायच्या पाच मिनिटं आधी सासरे घरभर फिरून मोटर, टीव्ही, फ्रिज बंद करत. परत येताना वीज दणका देते म्हणून. शेवटी माझ्या टेबलापाशी येऊन आटपायला सांगत. एका शनिवारी त्यांची हाक आली आणि मी सवयीनं शटडाउन केलं. पडद्यावरून पुणं गेलं, घरचा संगणक मात्र चालूच राहिला, तेव्हा डोक्यात उजेड पडला, की मी पुण्याचाच बंद केला. तिकडच्या ऑफिसात जनरेटर होता. तिथंही मी उचगावचं लोडशेडिंग नेऊन पोचवलं होतं.

आता कुणीतरी तिथं जाऊन बटण दाबायला हवं होतं. ऑफिस बंद, वॉचमनला आत जायची मुभा नाही, आणि प्रोग्राम सोमवारी सकाळी द्यायचा. साहेबांना फोन केला. त्यांना आनंदच झाला असावा. उद्या ये, मी असेन, म्हणाले.

रविवारी पहाटेची एसटी धरून मी पुणं गाठलं आणि बटण दाबलं. साहेब खुर्ची पुढे करत म्हणाले, "आलीच आहेस, तर आता इथंच बसून संपव."

"मी बटण दाबायला आले होते, साहेब. काम उचगावातनंच होनार."

मुद्दामच 'होनार' म्हटलं आणि परतीची गाडी धरली. अंग आंबलं होतं, पण माघार घ्यायची नव्हती.

संध्याकाळी घरी पोचून कामाला बसले. थोड्या वेळानं लाईट जायची वेळ झाली. सासऱ्यांनी मोटर बंद केली, टीव्ही बंद केला, माझ्या टेबलापाशी आले. बघते तर शेजारच्या दुकानातून मागून आणलेली बॅटरी आणि इन्व्हर्टर त्यांनी टेबलाखाली जोडून ठेवला होता.

"तुजं चालू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पुण्याला परत जायाचं न्हाय."