धुक्याच्या नगरीतला धर्मबाप

डोंगरातल्या सिक्वानी गावात, बाजारामागे फोर्तुनाताबाईची गेमची खोली होती. बाई मोठी गमतीची! तीन घागरे एकावर एक, डोक्यावर टोपी, हातात विणकाम. संगणकातलं तिला ओ की ठो कळत नसे. पोरं उठेनात, की सरळ वायर उपटायची. मग पोरांचा जो ओरडा व्हायचा, तो पार पुलापर्यंत ऐकू जाई.

पोरं 'धुक्याची नगरी' खेळायची. शाळेत मागच्या बाकावर बसणारी ही कार्टी तिथं घोडेस्वार, किल्लेदार! त्यातला एडिल्सन बाईचा धर्मपुत्र. त्याचं जावळ तिनंच कापलेलं, आणि त्या मुलुखात हे नातं रक्ताहून घट्ट.

त्या वर्षी पोरांची शाळा संपणार होती. तिथं शेवटच्या वर्गाला एक धर्मबाप लागतो; तो केक देतो, जर्सी देतो. गावातल्या सगळ्यांना विचारून झालं होतं. खाटीक तर पोरं दिसली की दुकानामागं दडायचा.

"धर्मआई, खेळातल्या आमच्या टोळीचा राजा तयार आहे," एडिल्सन म्हणाला. "खाली जंगलाकडं राहतो."

"तोंड पाहिलंयस का त्याचं?"

"त्याच्या तोंडावर शिरस्त्राण असतं."

"म्हणजे डोक्यावर पातेलं घातलेला माणूस!" बाई हसली. पण रीत म्हणजे रीत. "धर्मबाप असा हात हलवत करतात होय रे? त्याला तुझं नाव सांग, आईबापाचं सांग, घर कुठं ते सांग. रिकाम्या हातानं मागशील तर माझी अब्रू जाईल."

म्हणून तिनंच मानाचा गिनीपिग भाजला, पाव मांडले. ताट घेऊन सगळं घर बाईच्या खोलीच्या निळ्या दारात उभं राहिलं आणि तो फोटो राजाला गेला. त्यानं मान स्वीकारला. जर्सी आल्या, केक आला. असा धर्मबाप कुणाला मिळाला नाही, असं जो तो म्हणू लागला.

मग एके दुपारी एडिल्सन पिशवी भरूनच आला.

"धर्मबापानं बोलावलंय. सोन्याच्या खाणीवर काम आहे. त्याची हाक मोडायची कशी?"

"आणि तुझी आई?"

"तिला पोचल्यावर सांगीन. आमच्या वर्गातला नेल्वर गेलाय की आधी! मजेत आहे."

"त्याचा फोन तर लागत नाही म्हणून त्याची आई रडतेय."

"पण गेममध्ये रोज भेटतो, धर्मआई. नगरीच्या वेशीवर उभा असतो. फक्त..." पोरगं घुटमळलं. "आधी मला बोकड्या म्हणायचा. आता एडिल्सन म्हणतो. शिव्याही देत नाही."

बाईच्या हातातली सुई थांबली. लहानपणापासूनचा सोबती एकाएकी शिव्या द्यायचा थांबत नाही. नेल्वरच्या घोड्यावर दुसरंच कुणी बसलं होतं.

तिनं पोराची पिशवी काढून घेतली, दंडाला धरून त्याला वर कुरणात आज्याच्या अल्पाकांच्या कळपाकडं पोचवलं. तिथं फोनला रेंज नव्हती. परत येऊन ती एडिल्सनच्याच मशीनपुढं बसली. आधी एका पोराकडून खेळ लावून घेतला, मग त्याला घरी पिटाळलं. एका बोटानं तिनं राजाला लिहिलं, "मी त्याची धर्मआई. पोरगा येणार नाही. नेल्वर कुठाय?"

उत्तर लगेच आलं.

"नमस्कार बाई. तुम्ही आई, मी बाप. आता आपण नात्यातले. पोरगा येत नसेल तर मी येतो. निळं दार ना? फोटोत पाहिलंय."

बाईनं वायर उपटली. ओरडायला खोलीत कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस आला. नवे बूट, गोड बोलणं. रिकाम्या खुर्च्या बघत बघत तो एडिल्सनच्या जागेवर जाऊन बसला.

"मशीनं बंद आहेत," बाई म्हणाली.

"असू द्या. पोरं कधी येतात?"

"आज येत नाहीत."

"मग थांबतो."

बाईनं दारात स्टूल टाकलं. शाळा सुटली, पोरं कोपऱ्यावर दिसली. तिनं लांबूनच हात करून त्यांना माघारी वळवलं. एक पोरगं वळता वळता हसलं, त्यानं बाईच्या मागं आत बसलेल्या माणसाला ओळखीचा हात केला.

आतून त्या माणसानंही त्याला नावानं हाक मारली.