हीटर पेटतो आणि विझतो

त्या सकाळी पोहण्याच्या तलावाच्या दारावर कागद चिकटवलेला होता: ‘पाणी गार आहे. आपापल्या जबाबदारीवर उतरावे.’ दुखऱ्या गुडघ्यांसाठी कोमट पाण्यात चालायला येणारा आमचा सात-आठ जणांचा गट कागद वाचून तसाच माघारी फिरला. माझी बस तासाभरानं होती. तलावामागे यंत्रखोली आहे, तिच्या दाराशी एक बाक आहे आणि तिथे ऊन चांगलं येतं, म्हणून मी तिथे जाऊन बसले. वहिनींची ओळख झाली ती अशी.

त्या आल्या तेव्हा मला वाटलं, साफसफाईच्या बाई असाव्यात. पन्नाशी उलटलेली, डोक्याला रुमाल, पायात जाड बूट, खांद्याला अवजारांची पिशवी. मागून त्यांचे दीर आले, पस्तिशीचे, हातात मीटर आणि चेहऱ्यावर नाराजी. तलावाचे मॅनेजर त्यांना ‘वहिनी’ म्हणाले, दीर तर म्हणतच होते. पुढे मला कळलं की त्यांचं सगळं गिऱ्हाईक त्यांना याच नावानं ओळखतं.

दीर दोन दिवसांपूर्वी एकटे येऊन हीटर बघून गेले होते. हीटर गॅसवरचा. बटण दाबलं की पेटायचा, पाच-सहा सेकंद जळायचा आणि विझायचा. तीनदा तसं झालं की दिवा लाल व्हायचा आणि मग काही केल्या ढिम्म. दिरांनी ज्योत ओळखणारा सेन्सर बदलून पाहिला, फरक पडला नाही. शेवटी त्यांनी हीटर चालवणारा आतला बोर्ड गेल्याचं सांगितलं. नवा बोर्ड यायला तीन आठवडे लागणार होते. रात्री जेवताना त्यांनी हे घरी सांगितलं, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, “मागवायच्या आधी मी एकदा बघून येते.” नाराजी त्याचीच होती.

“वहिनी, मी सगळं तपासलंय,” दीर म्हणाले.

“मग मला सोपंच जाईल. भावोजी, तुम्ही पेटवा, मी नुसती बघते.”

पण त्यांनी लगेच पेटवू दिला नाही. आधी त्या फिल्टरपाशी गेल्या. तिथल्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा बराच वर चढला होता. म्हणजे फिल्टर तुंबलाय आणि हीटरकडे पाणी कमी जातंय, हे त्यांनी मला समजावलं, कारण तोवर मी बाकावरून उठून दारात जाऊन उभी होते.

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाणी कमी असलं की हा शहाणा स्वतःला बंद करून घेतो. तापून जळायला नको म्हणून.”

फिल्टर उलट्या धारेनं धुण्यात वीस मिनिटं गेली. आधी चहासारखं पाणी आलं, मग स्वच्छ. काटा खाली उतरला. दिरांनी बटण दाबलं. हीटर पेटला आणि सहाव्या सेकंदाला विझला.

“बोर्डच आहे,” दीर म्हणाले. त्यांच्या आवाजात किंचित समाधान होतं आणि मला ते स्वाभाविकच वाटलं.

वहिनींनी पिशवीतून सतरंजीचा तुकडा काढला, तो अंथरून त्या हीटरसमोर पालथ्या झोपल्या आणि काचेच्या बारक्या खिडकीला डोळा लावला. “आता पेटवा.”

पेटला, विझला.

“परत.”

परत तेच झालं. त्या उठून बसल्या. “डावीकडून ज्योतींची पहिली ओळ बघा. बाकी सगळ्या निळ्या आणि ताठ आहेत. ही एक पिवळी आहे आणि लुळी पडलीय. सेन्सर कुठे बसतो?”

दिरांनी बोटानं तीच ओळ दाखवली. “तिच्यावरच.”

“मग त्याला ज्योत दिसणार कशी? नवा बसवला तरी त्याला तेच दिसणार.”

गॅसचा कॉक बंद करून त्या थांबल्या. आतलं सगळं निवल्याशिवाय त्या हात घालत नाहीत. त्या अर्ध्या तासात माझी बस गेली आणि त्यांची गोष्ट मला ऐकायला मिळाली.

बारा वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर शिडीवरून पडले. पाठ कायमची अधू झाली. धंदा त्यांचाच, हीटर आणि बॉयलर दुरुस्तीचा. धाकटा भाऊ, म्हणजे हेच दीर, तेव्हा अजून शिकत होता. फोन मात्र वाजतच राहिले. एका सकाळी वहिनी मिस्टरांना म्हणाल्या, “अहो, तुम्ही फोनवर सांगत जा, हात मी घालते.” लग्नानंतर दहा वर्षं त्यांनी टॉर्च धरायला आणि पाने-पकडी पुसायला जाऊन बरंच बघून ठेवलं होतं. पहिलं काम एका लाँड्रीचं होतं. मालक त्यांच्या खांद्यावरून मागे बघत राहिला. “मिस्त्री कुठाय?”

“मी म्हटलं, मीच. मागे बघू नका, मागे कोणी नाही.” हे सांगताना त्या हसल्या. “त्या दिवशी स्क्रू दोनदा हातातून खाली पडला. पण बॉयलर चालू झाला. आजही तोच चालतोय तिथे.”

निवल्यावर त्यांनी बर्नरचा सगळा खण अलगद बाहेर ओढला. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी पितळी तोटीचं बारीक भोक असतं, घरच्या शेगडीला असतं तसंच. डावीकडच्या पहिल्या भोकावर वाटाण्याएवढा सुकलेल्या चिखलाचा गोळा होता, बोटानं लिंपल्यासारखा गुळगुळीत.

“कुंभारीण,” वहिनी म्हणाल्या.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, ती चिखलाची घरं बांधणारी माशी. उन्हाळाभर हीटर बंद होता, तिला आयती खोली मिळाली. घर रिकामं होतं, पिल्लं केव्हाच उडून गेली होती. वहिनींनी ते हलक्या हातानं फोडलं, पितळी भोक तारेनं साफ केलं, बाकीची सगळी भोकं एकेक करून उजेडाला धरून पाहिली. बर्नर परत बसवल्यावर कॉक उघडला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघितलं. आला नाही.

“आता पेटवा, भावोजी.”

हीटर पेटला. सहा सेकंद गेले, दहा गेले. मिनिट झालं. दीर घड्याळाकडे बघत होते आणि वहिनी खिडकीतून आत.

मॅनेजर आवाज ऐकून धावत आले. “चालू झाला? म्हणजे बोर्ड चांगलाच होता?”

दिरांचे कान लाल झाले. वहिनी अवजारं पुसत म्हणाल्या, “बोर्ड गेला तरी लक्षणं हीच दिसतात. भावोजींनी खबरदारी म्हणून...”

“नाही,” दीर मध्येच म्हणाले. “खबरदारी कसली? मी बर्नर बाहेर काढलाच नव्हता. वहिनींनी काढला.”

मॅनेजर ‘बरं, बरं’ करत बोर्डची मागणी थांबवायला गेले. वहिनींनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली अर्धी चपाती-भाजी काढून दिरांच्या हातात दिली.

तेवढ्यात त्यांच्या मिस्टरांचा फोन आला. वहिनींचे हात काळे, म्हणून दिरांनी आवाज मोठा करून फोन धरला.

“काय रे, बोर्ड?”

“नाही दादा. कुंभारीण.”

पलीकडून हसण्याचा मोठा आवाज आला, मग पाठ दुखल्याचा ‘आई गं’, मग पुन्हा हसणं. “दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तुझी वहिनी आहे म्हणून चाललंय तुझं.”

“तुझंही,” दीर म्हणाले.

“ते आहेच,” पलीकडून उत्तर आलं. “तिला विचार, जेवायला कधी येताय? भात टाकू का?”

“तासभर चालल्याशिवाय मी इथून हलणार नाही,” वहिनी फोनकडे तोंड करून म्हणाल्या. “भात उशिरा टाका. आणि वाकून कुकर उचलू नका.”

मी दुसरीही बस जाऊ दिली. आम्ही दोघी बाकावर बसलो. आत हीटर एकसारखा घुमत होता, दीर दर दहा मिनिटांनी जाऊन पाण्याचं तापमान बघून येत होते आणि येऊन आकडा सांगत होते. तो इतका हळू चढत होता की दोनदा त्यांनी तोच आकडा सांगितला. एवढ्या पाण्याला तापायला उद्याची सकाळ उजाडेल, असं वहिनी म्हणाल्या. त्यांना घाई नव्हती. त्यांनी उजवा खांदा दाबून गोल फिरवला.

“पाण्यात चालून खरंच बरं वाटतं का हो?” त्यांनी विचारलं. “इतके तलाव तापवले, पण मी कधी उतरले नाही.”

“खांद्याला तर जास्तच बरं वाटेल,” मी म्हटलं.

“पोहता येत नाही मला.”

“आम्हाला कोणालाच येत नाही. छातीपर्यंतच पाणी असतं.”

त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि पोहण्याचा पोशाख कुठल्या दुकानात चांगला मिळतो ते मला विचारून लिहून घेतलं.