बिनसालाची शॅम्पेन

वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी राहणारे काका फार्मा कंपनीतून रिटायर झाले होते, लेक्चर देण्यातून नाही. त्यांच्या दिवाळी पार्टीत आधी शॅम्पेन आणि मग तिचं शास्त्र, दोन्ही प्यावी लागायची. बाटली टॉवेलमध्ये धरून ते अजिबात आवाज न करता उघडत. कॉर्क उडवणारे लोक त्यांच्या मते फक्त वरातीत नाचण्याच्या लायकीचे.

"अगं, लेबलवर साल छापणं म्हणजे एका वर्षाच्या उन्हाची फुशारकी. ही बघ, बिनसालाची! यंदाच्या वाइनमध्ये जुन्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन मिसळतात, मग बाटलीत पुन्हा आंबवतात. ऊन पडो, गारठा पडो, चव तीच. त्याला अक्कल लागते!"

काकूंची आमटी पुढ्यात आली की मात्र ते सगळ्यांदेखत ओरडत, "हिच्या गोड्या मसाल्यात लवंग नेहमी जास्त!"

"मग नका खाऊ," काकू म्हणत. ते पुन्हा वाढून घेत.

काकू गेल्या. पुढच्या दिवाळीआधी मी डोकावले, तर काका स्वतः कुटलेल्या मसाल्यात काकूंच्या बरणीतला थोडा मसाला मिसळत होते. उरलेल्याचं झाकण त्यांनी घट्ट लावलं. "पुढच्या वर्षी लागेल," म्हणाले.

पार्टीत आमटीचा पहिला भुरका मारताच मला ठसका लागला. "काका, लवंग जरा जास्त झालीय."

"झालीय ना?" म्हणत त्यांनी दुसरी बाटली उघडली. कॉर्क थेट छताला जाऊन आपटला.