बाटल्याला तेल चालत नाही

अकोल्यातल्या त्या दुपारी आठवल्या की त्या खऱ्या होत्या की मी जेवणानंतरच्या डुलकीत पाहिल्या, हे मला आता नीट सांगता येत नाही. हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचा हंगाम संपून कितीतरी महिने झाले तरी आमच्या गल्लीत ते कुठून तरी येतच राहायचे. दुकानाच्या दारातून आत आलेल्या उन्हात ते सावकाश वर चढायचे आणि खाली उतरायचं नावच घ्यायचे नाहीत. मी मधल्या दारात सूप घेऊन बसलेली असायची. तांदूळ निवडता निवडता हात थांबायचा, आणि आपण निवडायचं थांबवलंय हेही कळायचं नाही.

मी अमरावतीची. म्हणजे मुळातच स्वतःला जरा शहाणी समजणारी, त्यात मराठी सातवी झालेली. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा घराच्या पुढच्या भागात सासऱ्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. जिनांची चाकं, टांग्यांचे आस, शिवणयंत्रं, विहिरीचे रहाट, कुणाच्या तरी आजोबांची पेटी, काय वाट्टेल ते तिथे यायचं आणि नीट होऊन जायचं. सासऱ्यांचा एक डोळा अधू होता, पण हातात वस्तू घेतली की तिचं काय दुखतंय ते त्यांना बोटांनीच कळायचं. बिघडलेली वस्तू परत पाठवणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांत माझे यजमान मुंबईहून गॅसवर लोखंड जोडायचं काम शिकून आले, आणि त्यांच्या मागोमाग मालगाडीने बाटला आला. ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेव्हा सगळे बाटलाच म्हणत. स्टेशनावरून बैलगाडीत आडवा घालून आणला. माणसाच्या उंचीचा, काळा, निमुळत्या खांद्यांचा, आणि खांद्यावर ठोकून काढलेले आकडे. आत प्राणवायू आहे असं कळल्यावर माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, पटकन डोक्यावर पदर घेतला. मग तो कोपऱ्यात सावलीला उभा केला आणि साखळीने भिंतीशी बांधला. पहिल्या दिवशी आम्ही सगळे त्याच्याकडे नवा पाहुणा आल्यासारखे चोरून बघत होतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि सरकारी नियम यायचे ते इंग्रजीत. बाटल्याबरोबर त्या नियमांचा एक कागद आला होता. यजमानांनी तो भिंतीला चिकटवला आणि घरातल्या सगळ्यांना समोर उभं करून मराठीत सांगितला. "हा बाटला आपला नाई, कंपनीचा हाय. सरला की वापस. याले हातोडा लावायचा नाई, जाळ लावायचा नाई, डाग देऊन सांधायचा नाई, रंग पुसायचा नाई, हे आकडे घासायचे नाई. तोंडाची चावी बिघडली त आपन खोलायची नाई. बाटला उघड्यावर नेऊन ठेवायचा अन् कंपनीले कळवायचं. ठरल्या वर्षांनी कंपनी यात पानी भरून, दाब देऊन तपासते. तपासल्याबिगर भरत नाई."

"मंग आपन काय करायचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"सांभाळायचं."

सासऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "दुरुस्तीच्या दुकानात आनून उभा केला, अन् म्हनते दुरुस्ती नोको करू!" असं म्हणून ते उठून गेले. दोन दिवस ते बाटल्याकडे पाठ करूनच ऐरणीशी बसत.

शेवटचा नियम तेलाचा होता. बाटल्याला, त्याच्या चावीला, नळीला तेलाचा थेंबसुद्धा लागता कामा नये. आत दाबून भरलेला हा वायू बाहेर पडताना त्याला तेल भेटलं की काडी न लावता भडका होतो. मुंबईत यजमानांच्या डोळ्यांदेखत एकाचा हात त्यात गेला होता. आता आमच्या घरात तर तेलावाचून पान हलत नसे. दार कुरकुरलं, पोराची छाती भरली, लोखंड कातायची लेथ जड झाली, कुणाचं डोकं दुखलं, तेल आहेच. अशा घरात हा एकटा कोरडा उभा.

मला तो आवडायचा. कामावरून कुणी उठलं की मी त्याला हात लावून बघायची, गार असायचा. यजमान ज्योत पेटवायचे तेव्हा कार्बाईडवर पाणी पडून निघणाऱ्या गॅसचा लसणीसारखा वास सुटायचा आणि ती निळी, बारीक जीभ सूं करत लोखंडावर फिरायची. त्यांनी मला एकदा काळी काच डोळ्याला लावून बघायला दिली. सगळं दुकान हिरवं झालं, लांब गेलं, पाण्याखाली बुडाल्यासारखं शांत झालं. त्या हिरव्या तळाशी ते एकटेच बसलेले दिसले. मला एकाएकी त्यांची फार काळजी वाटली आणि मी काच परत दिली.

आश्विन आला. हंगामाआधी जिनांचं दुरुस्तीचं काम असतं, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तशातच खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन मांडायची, प्रत्येकाला तेलाचं बोट, हळद, कुंकू आणि झेंडूचं फूल. हा मान आत्याबाईंचा. वाटी घेऊन त्या ऐरणीपाशी गेल्या, मग शेगडा, भाता, लेथ, हातोडे, पार कानशीपर्यंत. शेवटी त्या कोपऱ्यात गेल्या आणि तेलात बोट बुडवलं.

"माय, त्याले नाई!" यजमान ओरडलेच.

त्या वळल्या. बोटावरून तेल मनगटाकडे ओघळत होतं. "काऊन नाई?"

यजमानांनी भिंतीवरचा कागद दाखवला, मुंबईचं सगळं पुन्हा सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं, वाटी ऐरणीवर ठेवली आणि आत निघून गेल्या. आरती सासऱ्यांनी केली. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

का ते मला चुलीपाशी कळलं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या बाळंतपणाला माहेरी, अंजनगावला, गेल्या होत्या आणि त्या खंडेनवमीला दुकानात पूजा राहून गेली. पुढच्याच महिन्यात ऐरणीवरची ठिणगी सासऱ्यांच्या डोळ्यात गेली. "ज्याले पूजलं नाई थो रुसते," त्या म्हणाल्या. "अन् रुसते कोनावर? जो रोज त्याच्यापाशी बसते त्याच्यावर. तुह्या नवऱ्यावर, पोरी." मी सातवी शिकलेली, मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तेल लावावं तर कागद म्हणतो भडका, न लावावं तर आत्याबाई म्हणतात कोप. आणि दोन्हीकडून मधे बसलेला माणूस एकच.

त्या रात्री झोपेत मला बाटला दिसला. देवघरात बसला होता, अंगभर तेल आणि शेंदूर, आणि गालातल्या गालात हसत होता. मी दचकून उठले तेव्हा फटफटत होतं. आत्याबाईंचं अंथरूण रिकामं होतं आणि दुकानाचं मधलं दार नुसतं लोटलेलं.

आत धुरकट उजेड होता. कोपऱ्यात, बाटल्यासमोर, पांढरे मोकळे केस सोडलेली एक बाई उभी होती. क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. मग तिच्या हातातली वाटी दिसली.

"आत्याबाई, थांबा!" त्या घरात तोपर्यंत माझा आवाज माजघराबाहेर गेला नव्हता. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, वाटी निसटली आणि फरशीवर तांदूळ सांडले. नुसते कोरडे तांदूळ. कुंकवाचं बोटसुद्धा त्यांना लावलेलं नव्हतं.

"काऊन वरडून राह्यली?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तेल नाई आनलं मी."

मी धरलेलं मनगट कोरडं, खरखरीत होतं आणि त्याला राखेचा वास येत होता. मग मी त्यांच्या केसांकडे नीट पाहिलं. आत्याबाईंचे केस मी कधी तेलाशिवाय पाहिले नव्हते. चापून चोपून, आरशासारखे चकचकीत बसवलेले असायचे. ते आता भुरभुरत होते. शिकेकाईने धुऊन धुऊन त्यांनी त्यांतला तेलाचा अंश काढला होता. अंगावर पेटीतलं धुवट लुगडं होतं.

"केसाले तेल, पदराले तेल, हाताले तेल," त्या म्हणाल्या. "माह्या त अंगालेच तेल हाय, बापा. मंग म्हनलं, आदी तेच काढून टाकू."

त्यांनी कोरडा तळवा बाटल्याच्या काळ्या खांद्यावर ठेवला. "तुह्या रीतीनं आली मी," त्या त्याला म्हणाल्या. "माह्या लेकाले सांभाळ." मला रडू आवरेना. आम्ही दोघींनी मिळून सांडलेले तांदूळ वेचले आणि त्याच्या पायाशी ठेवले. त्यांनी एक सुकं झेंडूचं फूल साखळीत अडकवलं.

सूर्य वर आल्यावर यजमान दसऱ्याचं मुहूर्ताचं काम करायला दुकानात आले. आधी लेथला तेल दिलं, ती फिरवून बघितली, मग कोपऱ्याकडे वळले. तांदूळ दिसले, फूल दिसलं, दारात उभी असलेली आईही दिसली. "माय, तुले म्हनलं होतं ना मी..." असं चिडून म्हणत त्यांनी बाटल्याच्या चावीकडे हात नेला.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "हात धुतले काय तू?"

"पुसले ना धोतराले."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. आम्ही तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला लेथचं काळं तेल चमकत होतं. यजमानांनी वर बघितलं. आता त्यांना आईचे केस दिसले.

ते मागच्या अंगणात गेले आणि उकिडवे बसले. आत्याबाईंनी चुलीतली राख आणून त्यांच्या तळव्यावर घातली, वरून तांब्याने पाणी सोडलं. ते घासत राहिले. मग आत्याबाईंनी लेकाचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले आणि एकेका बोटाचा वास घेतला.

"आनखी एकदा," त्या म्हणाल्या, आणि राख आणायला वळल्या.