लंगडीच्या डावात माझं भाषण

मी लिहावं असं खरं तर माझ्याकडे काही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मोहोळकडच्या आमच्या गावात अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं मलाच लिहायला देतात, त्यामुळे आपल्याला लिहिता येतं असा माझा समज झालाय. वाचकांनी माफ करावं.

शुक्रवार पेठेत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो, त्या काकूंची मुलगी चौथीत आहे. टायफॉईडनंतर ती फार अशक्त झाली म्हणून दुधनीला आजीकडे राहिली आणि तिची शाळा कित्येक महिने बुडाली. परत आली, पण शाळेचं नाव काढलं की तिचं पोट दुखायचं.

"तम्मा, तू शिकलेला हैस की," काकू म्हणाल्या. त्यांच्या घरात कन्नड बोलतात. धाकट्या भावाला म्हणावं तसं त्या मला तम्मा म्हणतात. "तूच सोडून ये तिला. न्हाय रमली तर दुधनीच्याच शाळेत घालते."

शिकलेला म्हटलं की मी फुगतो. तिला फाटकाशी सोडून परत यायचं, एवढंच काम होतं. मी बाईंची परवानगी काढून वर्गापुढे उभा राहिलो. कॉलेजात हजेरी देतानाही माझा आवाज बसतो. चौथीच्या पोरांपुढे मात्र तो खणखणीत लागला. "तुमची मैत्रीण मोठ्या आजारातून उठली आहे. तिला सांभाळून घ्या. तिला धक्का लागता कामा नये." पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात मी येताना स्वतःलाच चहा पाजला.

आठवडाही झाला नसेल, ती दप्तर फेकून उंबऱ्यात बसली. "मी दुधनीलाच जाते."

"का गं? कुणी मारलं?"

"कुणी मारतच न्हाय! लंगडीत मला कच्चा लिंबू केलंय. कितीदा पकडलं तरी आऊट देत न्हाईत. म्हणतात, तुझ्या दादानं सांगितलंय."

कच्चा लिंबू म्हणजे डावात असून नसलेलं पोर. मोठ्या बहिणीच्या मागं लागून आलेल्या शेंबड्या भावंडाला तो मान मिळतो. आमच्या हिला आजारापूर्वी वर्गात कुणी धरू शकत नव्हतं म्हणे.

काकूंनी दुधनीला फोन लावायला घेतला. मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा. ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेत गेलो, नवं भाषण पाठ करून. बाई दारातच म्हणाल्या, "आज भाषण नको बरं का."

मग मैदानात पोरींनाच गाठलं. "हिला आऊट देत जा गं."

"आणि पडली तर? तुम्ही ओरडाल."

"नाही ओरडणार. पडलं म्हणून काही होत नाही."

"मग तुम्ही घाला लंगडी."

मी पँट दुमडली आणि उड्या मारत निघालो. एकीच्याही जवळ पोचायच्या आत धुळीत आडवा झालो.

"दादा आऊट!" पोरी ओरडल्या.

"नको गं," आमची ही गंभीरपणे म्हणाली, "त्याला कच्चा लिंबू ठेवा." सगळ्या हसल्या, बाईसुद्धा.

त्याचा काही उपयोग झाला का, हे कळायच्या आतच मला ज्वारी काढायला गावी जावं लागलं. शिवारात रेंज नसते. शनिवारी संध्याकाळी मी पाण्याच्या टाकीवर चढून उभा राहिलो, तेव्हा कुठं काकूंचा फोन लागला. बोलत होती ती, रडवेल्या आवाजात.

"दादा, आज मला पहिल्यांदाच आऊट दिलं! नुसतं रिबिनीला बोट लागलं होतं रे. सोमवारी शाळेत जाऊन बघतेच एकेकीला."