चार वाजताची हजेरी

आमच्या गावातली शिंदी बंद करण्यात मी सगळ्यांच्या पुढं होते. ही गोष्ट मी गावोगाव ऐटीत सांगत फिरले असते, पण पुढं जे झालं त्यानं माझी ऐट पार उतरली.

बिलोलीपासून थोडं पुढं, तेलंगणाच्या हद्दीला चिकटून आमचं गाव. पलीकडची माणसं शिंदीला कल्लू म्हणतात. जुने लोक सांगतात, पूर्वी सकाळी झाडावरून उतरवलेली ताजी शिंदी प्यायची, गोड लागायची. आता झाडं राहिलीत कुठं! ड्रमभर पाणी, त्यात गोडी आणायला काहीबाही आणि वरून झोपेची पावडर. दोन ग्लासांत माणूस आडवा. आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, रोज असे आडवे व्हायचे. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की वायंडिंग करावं ते त्यांनीच. पाच गावांतून लोक मोटारी घेऊन यायचे आणि हे बस थांब्याच्या शेडमध्ये तोंड उघडं टाकून पडलेले. आमचे हे लातूरला डाळमिलमध्ये कामाला, महिन्यातून दोनदा येतात. तेव्हा शेडमधून उचलून आणायचं काम माझ्याच नशिबी.

मी अंगणवाडी सेविका. तोंडाची फटकळ आहे, हे मीच सांगते म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको. बचत गटाच्या बायका गोळा केल्या, तहसीलला खेटे घातले आणि मतदान लावलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवी बाटली जिंकली! गुलाल उधळला, हलगी वाजली, मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर नाचले. संध्याकाळपर्यंत दुकानाला सील लागलं. घरी आले तर भाऊजी ओट्यावर बसलेले. गुलालाच्या हातानंच त्यांना म्हटलं, आता बसा कोरडे.

तिसऱ्या दिवशी भाऊजींचे हात थरथरायला लागले. चहाची कपबशी धरता येईना. मग भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, हजारो मुंग्या, आणि ते दोन्ही हातांनी भिंत झाडत बसले. दुपारी डोळे फिरवले, अंगाला झटके आले, तोंडाला फेस. सासूबाईंनी हात जोडले, हळदीकुंकू आणलं, म्हणाल्या अंगात आलं. गावात त्या दिवशी आणखी तीन घरांत असंच अंगात आलं होतं. एका घरी तर नारळ फोडून पाया पडायला रांग लागली होती. चार घरांत एकाच दुपारी देव यायला लागला तर त्यात काहीतरी भानगड आहे, एवढं मला कळलं. मी जीप बोलावली आणि भाऊजींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, दुकान बंद केलंत ते बरंच केलं. पण ज्यांच्या अंगात ही पावडर इतकी वर्षं मुरली, त्यांना आधी विचारलं होतं का?" मला लई राग आला. दारुड्यांना विचारून दुकान बंद करायचं का? पण मग त्यांनी शांतपणे समजावलं, की ही पावडर एकदम तुटली तर माणूस दगावतो. डॉक्टरांच्या गोळीवर ठेवून हळूहळू कमी करायची असते. आणि खरा धोका पुढंच आहे. गोळी चालू असताना कुणी हद्दीपलीकडं जाऊन पूर्वीइतकी प्याला तर झोपेतच श्वास बंद पडेल. भाऊजींना तिथं भरती केलं आणि परतताना जीपमधूनच मी गटातल्या बायकांना फोन लावले.

मग ज्या बायकांनी बाटली आडवी केली, त्याच बायका दारोदार फिरल्या. तुमच्या घरात कोण पितं हो, असं विचारायचं म्हणजे सोपं नव्हे. इज्जतीचा सवाल. काहींनी आम्हाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तरी अंगात आलेले ते तिघं आणि भाऊजी धरून अकरा माणसं तयार झाली. गोळ्या घरी दिल्या तर दोन दिवसांच्या एकदम खातील, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, गावच्या आशा सेविकेनं, म्हणजे आमच्या आशाताईंनी, रोजची रोज समोर द्यायची. जागा ठरली माझी अंगणवाडी. पोरं घरी गेली की चार वाजता ही थोराड माणसं पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसायची, मागं भिंतीवर ससा आणि कमळ. मी पोरांची घेते तशीच हजेरी घ्यायची. बाकीचे हजर म्हणायचे. भाऊजींचं नाव मी कधी घेतलेलं नाही, म्हणून नुसतं "भाऊजी" म्हणायची आणि ते म्हणायचे, "हाय, वहिनी."

नियम दोनच होते. एक, जो हजेरीला नाही त्याला त्याच घडीला दोघींनी शोधायला निघायचं. दुसरा, सापडल्यावर त्याला बोलायचं नाही. पहिला नियम सगळ्यांनी मिळून केला. दुसरा माझ्याकडं बघून केला होता.

दोन महिने बरे गेले. भाऊजींचे हात स्थिर झाले, एका मोटारीचं वायंडिंग त्यांनी पुरं केलं. आणि एके दिवशी चार वाजता मी "भाऊजी" म्हटलं, तर उत्तर नाही. सतरंजीवरचे सगळे खाली बघायला लागले. मग एकजण बोलला, की पलीकडच्या गावात त्यांच्या दोस्ताचं तेरावं होतं. मी रजिस्टर पिशवीत टाकलं आणि आशाताईंना घेऊन निघाले.

भाऊजी पलीकडून पिऊन आले ते बस थांब्याच्या त्याच शेडमध्ये पडलेले. भोवती दोनचार माणसं खुशाल गप्पा मारत उभी. म्हणाली, झोपलाय, पडू द्या, उतरली की उठंल. हेच वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं बोलत आले होते. खोटं कशाला बोलू, एकदा तर "मरू दे तिकडंच" असंही बोलले होते. जवळ गेले तर घोरणं ऐकू आलं. घर्र करून थांबायचं, थांबायचं आणि मग पुन्हा घर्र. ओठ निळसर पडलेले. कुणीतरी लिंबूपाणी पाजायला आणलं, ते मी हातानं उडवलं, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही हे आम्हाला शिकवलं होतं. आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं. आशाताईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि श्वासावर डोळा ठेवून बसल्या. भाऊजींना हाका मारत राहायचं काम माझ्याकडं आलं.

काय हाक मारायची? मी हजेरीच घ्यायला लागले. भाऊजी. भाऊजी. भाऊजी. ॲम्ब्युलन्स आली, ऑक्सिजन लागला, तालुक्यावरून नांदेडला न्यायला सांगितलं. वाटेत खड्डे, गाडी उडायची आणि मी त्यांच्या कानाशी तेच. ॲम्ब्युलन्सचा माणूस म्हणाला, बाई, आता पुरे, गाडीत औषध दिलंय. त्याला काय माहीत, माझ्या तोंडून मागं काय काय निघून गेलं होतं ते.

सकाळी वॉर्डात माझा आवाज पार बसला होता. डॉक्टर काही विचारायचे आणि माझ्या घशातून नुसती हवा. आयुष्यात पहिल्यांदा मी मुकी झाले. भाऊजींनी डोळे उघडले. इकडंतिकडं बघितलं, मी दिसले. मी तोंड उघडलं, पण शब्द येईना. तेव्हा तेच कोरड्या ओठांनी हळू म्हणाले, "हाय, वहिनी." मी पदरात तोंड घालून रडले. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं मला पाणी दिलं.

आता वर्ष उलटून गेलं. अकरातले आठ जण शिंदीपासून दूर आहेत, दोघं अधूनमधून घसरतात आणि परत येतात, एक जण गाव सोडून गेला. शेजारच्या गावातूनही माणसं येतात. हल्ली हजेरी भाऊजीच घेतात आणि कुणी दिसला नाही की चप्पल घालून पहिले तेच निघतात. रजिस्टर त्यांच्या हाती दिलं त्या दिवशी ते मागची पानं चाळत बसले होते. एका पानावर थांबले. त्यांच्या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरात "ह" लिहिलेला होता. तो मी दुसऱ्या दिवशी सकाळी, वॉर्डातल्या स्टुलावर बसून लिहिला होता.

"वहिनी, ह्या दिवशी तर मी नव्हतो," ते म्हणाले.

"होता की," मी म्हटलं. "जरा उशिरा आलात."