बिनयुरियाचा पट्टा

दोन वर्षं प्रयोगशाळेत डोकं खपवून मी जीवाणूंत असे फेरफार केले होते, की त्यांनी हवेतला नत्र पकडून गव्हाच्या मुळांना द्यावा आणि युरिया लागूच नये. परवानग्यांसाठी उंबरठे झिजवले आणि चाचणीला जऊळक्याजवळचं आमचंच वावर निवडलं. बाबांनी हट्टाने रस्त्याकडचा पट्टा दिला. लेक शास्त्रज्ञ आहे हे जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसायला नको? मी पाटी ठोकली, बियाण्याला जीवाणू चोळले आणि या पट्ट्यात युरियाचा दाणाही टाकायचा नाही, अशी बाबांना शपथ घातली.

बाकीचा गहू हिरवागार झाला, माझा पट्टा मात्र फिकट. माझे जीवाणू सावकाश कामाला लागतात हे मला माहीत होतं. सरकारी कचेरीत शोभले असते. पण नेमकी तेव्हाच भावाला सोयरीक आली. आमच्याकडे मुलीकडचे आधी वावर पाहतात, मग नवरदेव. बाबांची झोप उडाली.

पाहुणे यायच्या दिवशीच मी नमुने घ्यायला गावी पोचले. पट्टा हिरवाकंच! मी आनंदाने नाचायचीच बाकी होते, तोच बांधाशी युरियाची रिकामी थैली दिसली.

मुलीचे वडील पाटी वाचून भारावले. जेवताना म्हणाले, त्यांनाही हे जीवाणू हवेत, युरिया कायमचा बंद करायचाय. बाबांनी ताटात मान घालून लगेच द्यायचं कबूलही केलं. माझं डोकं फिरलं.

"त्या पट्ट्यात बाबांनी युरिया टाकलाय," मी म्हणाले.

भावाने मला कोपराने ढोसलं. पाहुणे मात्र हसले.

"मंग काय झालं? वावर पाहाले कोणी येनार असलं तं आमी बी टाकतो."

सोयरीक तिथेच पक्की झाली. दोन्हीकडची लबाडी सारखी निघाल्यावर पत्रिका कशाला पाहायची? माझा पट्टा मात्र बाद. हिरवेपणा जीवाणूंचा की थैलीचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मी ओट्यावर बसून चक्क रडले. बाबा शेजारी येऊन बसले. वाटलं, आता चुकलं म्हणतील.

"पुढच्या साली पुन्हा लाव," ते म्हणाले. "पन रस्त्यापासून दूर, मधातल्या वावरात लाव. पुढच्या साली तुले पाहाले येतीन."